भोसरीतली गॅस आयसोटोप लॅब: एका मीटरवरच्या तीन थरांचा हिशोब

ही सेवा कोणाच्या कामाची आहे ते आधी सांगते. तुमची एखादी गॅस विहीर दोन-तीन थरांतून एकत्र वाहत असेल, वर मीटर एकच असेल आणि दर महिन्याला कुठल्या थराचा किती गॅस हे कागदावर मांडून खाली सही करायची जबाबदारी तुमची असेल, तर भोसरी एमआयडीसीतल्या या लॅबकडे जरूर जा. गॅसमधल्या कार्बनच्या हलक्या-जड अणूंवरून, म्हणजे आयसोटोपवरून, कुठल्या थराचा किती गॅस हे ती काढून देते. मी जाते, पुढेही जाणार आहे. त्यांच्या काही गोष्टी खटकतात, त्याही खाली लिहिल्या आहेत. लॅबचं आणि आमच्या कंपनीचं नाव देत नाही, करारातच तशी अट आहे.

मी प्रॉडक्शन इंजिनियर. ऑफिस पुण्यात कर्वे रोडला आणि विहिरी गुजरातमधल्या खंभातच्या खोऱ्यात. १९५८ मध्ये लुणेजला आणि १९६० मध्ये अंकलेश्वरला तेल लागलं, तेव्हापासून तिथे एवढं खोदून झालंय की हाती उरलेले साठे बरेचसे लहान आहेत. सापडलेले पण पडून राहिलेले असे लहान साठे २०१५ च्या धोरणानंतर बोलीवर मिळू लागले आणि आमच्यासारख्या छोट्या कंपन्या या धंद्यात आल्या. लहान साठ्यात थरागणिक वेगळी विहीर खोदणं परवडत नाही. मग एकाच विहिरीत वेगवेगळ्या खोलीवर पर्फोरेशन करायचं, म्हणजे गॅस आत यायला भोकं पाडायची, आणि सगळ्यांचा गॅस एकाच ट्यूबिंगमधून, म्हणजे विहिरीतल्या आतल्या नळीतून, वर आणायचा. फील्डवर याला सगळे कॉमिंगल्ड उत्पादन म्हणतात.

ज्या विहिरीसाठी मी ही सेवा घेतली तिच्यात असे तीन थर आहेत. वरचा उथळ, मायोसीन काळातला. मधला आणि खालचा त्याहून जुन्या इओसीन काळातले. खालच्या थरात भागीदाराचा हिस्सा वेगळा असल्यामुळे वाटणीत पाच टक्के इकडचे तिकडे झाले की लगेच पत्रापत्री सुरू होते. मला मात्र पैशापेक्षा थराच्या आयुष्याची काळजी जास्त. एखादा थर काही देत नाही असं समजून तो सिमेंटने बंद केला, की तिथे उरलेला गॅस कायमचा गेला. एवढ्याशा साठ्यासाठी पुन्हा रिग घेऊन कोणी येत नाही.

आधी आमच्याकडे वाटणी केएचवर व्हायची. केएच म्हणजे थराची जाडी गुणिले त्याची पारगम्यता (गॅस किती सहज वाहू देतो ते), विहिरीत उपकरणं सोडून घेतलेल्या लॉगवरून एकदा काढलेली, आणि मग तेच प्रमाण महिनोन् महिने. थरांचा दाब वेगवेगळ्या वेगाने उतरतो, एखाद्यात पाणी येतं, पण कागदावरचं प्रमाण हलत नाही. दुसरा मार्ग पीएलटीचा, म्हणजे प्रॉडक्शन लॉगिंगचा. वायरलाइनवर, म्हणजे बारीक तारेवर, फिरकी, तापमान आणि घनतेचे सेन्सर विहिरीत सोडायचे आणि प्रत्येक पर्फोरेशनशी प्रवाह किती वाढतो ते पाहायचं. पीएलटी उत्तम, तिला पर्याय नाही. पण तिच्यासाठी क्रू बोलवावा लागतो, वेलहेडवर (विहिरीच्या तोंडावर) सगळा सरंजाम चढवावा लागतो, हत्यार अडकण्याची धास्ती असते, आणि एवढं करून हातात येतं ते त्या एका दिवसाचं चित्र. एका पीएलटीच्या खर्चात आमच्या विहिरीचे वर्षभराचे आयसोटोप नमुने आरामात निघतात.

आयसोटोपचं तत्त्व सोपं आहे. दूध संकलन केंद्रावर तीन घरांचं दूध एकाच कॅनमध्ये ओतलं, तर कॅनवरून कोणाचं किती हे काढता येईल का? येईल, पण प्रत्येक घराच्या दुधाचं फॅट वेगळं असायला हवं आणि ते ओतण्याआधी मोजलेलं हवं. घरं दोन असतील तर फॅट पुरतं. तिसरं घर आलं की एसएनएफही, म्हणजे फॅट सोडून उरलेले घन घटकही, लागतात. गॅसमध्ये मिथेनमधल्या कार्बनचं मोजमाप हे पहिलं, आणि इथेनमधल्या कार्बनचं दुसरं.

कार्बनचे स्थिर अणू दोन वजनांचे असतात, त्यांनाच आयसोटोप म्हणतात. १२ वजनाचे सुमारे ९८.९ टक्के आणि १३ वजनाचे १.१ टक्के. उथळ गाळातले जिवाणू मिथेन बनवतात तेव्हा हलका कार्बन जास्त वापरला जातो, म्हणून जैविक मिथेन खूप हलका. खोलवरच्या उष्णतेने सेंद्रिय पदार्थ तुटून झालेला मिथेन त्या मानाने जड. हे प्रमाण एका आंतरराष्ट्रीय मानकाशी ताडून हजारात किती कमी-जास्त, असं पर मिलमध्ये सांगतात. ते मानक मुळात दक्षिण कॅरोलायनातल्या पी डी नावाच्या खडकातल्या बेलेम्नाइट जीवाश्मावरून आलं. मूळ नमुना केव्हाच संपला, आज वापरतात ती व्हिएन्नाची पट्टी त्याच मापाला बांधलेली आहे. या पट्टीवर उणे आकडा जितका मोठा तितका गॅस हलका. जैविक मिथेन साधारण उणे ५५-६० च्या खाली जातो आणि उष्णतेतून झालेला बहुतेक उणे ५० ते उणे २५ च्या दरम्यान पडतो.

मग नुसतं घटकांचं प्रमाण मोजून का भागत नाही, असं आमच्या अकाउंट्सच्या माणसाने विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे. साधी गॅस क्रोमॅटोग्राफी स्वस्त आहे आणि फील्डजवळही होते. पण सेपरेटरचा, म्हणजे गॅस आणि द्रव वेगळे करणाऱ्या टाकीचा, दाब किंवा तापमान बदललं की जड घटक कधी गॅसमध्ये राहतात, कधी कंडेन्सेटमध्ये (गॅसमधून सुटणाऱ्या हलक्या तेलात) जातात. उन्हाळ्यातला नमुना आणि थंडीतला नमुना यांच्यात थरांचा वाटा तोच असूनही इथेन-प्रोपेनचे टक्के हलतात. त्या इथेनमधल्या कार्बनचं जड-हलकं प्रमाण मात्र सेपरेटरमुळे जवळपास हलत नाही. महिनोन् महिने तुलना करायची तर हेच धरून चालावं लागतं.

आता लॅबविषयी. नाशिक फाट्याकडून भोसरीत शिरलं की दोन्ही बाजूंना मशीन शॉप, प्रेस, फॅब्रिकेशन. त्यातच एका जुन्या शेडच्या तळमजल्यावर ही लॅब. अणू-रेणूंचं वजन मोजणारं मोठं मास स्पेक्ट्रोमीटर आहे ते शेजारच्या प्रेसच्या हादऱ्यांपासून दूर राहावं म्हणून वेगळ्या काँक्रीटच्या ओट्यावर बसवलंय. बाहेर पाटी लहान, पार्किंग नाही, रिक्षावाल्याला गल्ली समजावून सांगावी लागते.

लॅब चालवणाऱ्या मॅडमना मी पहिल्याच भेटीत मिश्र गॅसचा सिलिंडर दाखवला. त्यांनी तो बाजूला ठेवला.

"अहो, हा राहू दे. तीन थरांचे वेगवेगळे नमुने आहेत का?"

मी म्हटलं, एकत्र सुरू झाल्यापासून कोणी वेगळे घेतलेले नाहीत.

"मग आधी ते आणा. नसतील तर मी हे काम घेत नाही. आकडा काय, मी आत्ता देईन. भागीदाराने विचारलं की तो टिकवणार कसा तुम्ही?"

मला या लॅबचं सगळ्यात जास्त काही आवडलं असेल तर हे. आम्ही आधी दुसऱ्या एका शहरातल्या लॅबकडून हेच काम करून घेतलं होतं. त्यांनी मिश्रण घेतलं, थरांचे आकडे खोऱ्याबद्दलच्या छापील लेखांतून उचलले, आणि दशांशासकट टक्केवारी लिहून दिली. तशा टक्केवारीला काही अर्थ नाही. त्याच खोऱ्यातल्या दोन विहिरींमधला एकाच नावाचा थरसुद्धा वेगळा गॅस धरून असू शकतो. वाटणीचा सगळा हिशोब शुद्ध नमुन्यांवर उभा असतो. मिश्रणाचं मोजमाप कितीही बारीक केलं, तरी शुद्ध नमुना चुकीचा असेल तर उत्तर चुकीचंच.

मग आम्ही नमुने मिळवले. खालच्या थराचा सोपा गेला, शेजारची एक विहीर फक्त त्याच वाळूतून वाहते आणि दोन्हींचा दाब जुळतो. मधल्यासाठी आमच्या विहिरीतल्या स्लाइडिंग स्लीव्ह, म्हणजे प्रत्येक थरापाशी ट्यूबिंगवर बसवलेल्या उघड-बंद होणाऱ्या खिडक्या, कामी आल्या. वरची आणि खालची बंद करून एकटा मधला थर वाहू दिला, ट्यूबिंगमधला जुना गॅस पुरता निघून जाईपर्यंत थांबलो आणि मग सिलिंडर भरला. वरच्या थराचंही असंच केलं. शिवाय खोदताना मड लॉगिंगवाल्यांनी ड्रिलिंगच्या चिखलाबरोबर वर आलेल्या गॅसच्या नळ्या भरून ठेवल्या होत्या, त्या स्टोअरमध्ये सापडल्या. मॅडमनी त्या पडताळ्यासाठी घेतल्या, मुख्य नमुना म्हणून घेतल्या नाहीत. पीडीसी बिट, म्हणजे खोदायचं कृत्रिम हिऱ्याचं पातं, तापलं की खोदतानाच नवा गॅस बनू शकतो आणि त्याची खूण म्हणजे इथिलीन. आमच्या नळ्यांत इथिलीन दिसलं नाही आणि वरच्या थराचा आकडा स्लीव्हच्या नमुन्याशी जुळला, तेव्हा त्यांनी तो थर पक्का धरला.

नमुना कसा घ्यायचा याची त्यांची दोन पानी सूचना फारच चांगली आहे. ती मी आमच्या जीजीएसवर, म्हणजे विहिरींचा गॅस गोळा होतो त्या केंद्रावर, लॅमिनेट करून लावली आहे. दोन्ही टोकांना व्हॉल्व्ह असलेला स्टीलचा सिलिंडर घ्या. गॅस सेपरेटरच्या गॅस लाइनमधून घ्या, वेलहेडवरून नको, कारण तिथे द्रव बरोबर येतो. नळीच्या वरच्या बाजूने घ्या. सिलिंडर भरा, रिकामा करा, पुन्हा भरा, असं जीपीए २१६६ या गॅस नमुना घेण्याच्या मानकाच्या पद्धतीने आतली हवा पूर्ण धुऊन निघेपर्यंत. लेबलवर वेळ, चोक (प्रवाह आवळणाऱ्या झडपेचं माप), सेपरेटरचा दाब आणि तापमान. आणि ठळक अक्षरांत: विहिरीवर गॅस लिफ्ट (द्रव वर उचलायला वरून गॅस सोडणं) चालू असेल तर लिफ्टच्या गॅसचाही वेगळा नमुना पाठवा. वरून सोडलेला गॅस हिशोबात चौथा थर म्हणून उभा राहतो. तो मोजला नाही तर त्याचा सगळा वाटा बिचाऱ्या तीन थरांच्या माथी बसतो.

वाहतूक तुमची तुम्हालाच करावी लागते. दाबाखालचा ज्वलनशील गॅस, तो साध्या कुरियरने किंवा विमानाच्या सामानात जात नाही. गॅस सिलिंडर रूल्स २०१६ बघून, कागदपत्रं नीट करून आम्ही आमच्या गाडीने महामार्ग ४८ ने आणतो. आमच्या ड्रायव्हरकाकांना आता भोसरीची गल्ली पाठ झाली आहे.

मशीन चालताना मला आत उभं राहू दिलं. मी विनंती केली आणि त्यांनी खुर्चीही दिली. नमुना क्रोमॅटोग्राफच्या लांब बारीक नळीतून हेलियमबरोबर जातो आणि घटक एकामागून एक सुटे होतात. पुढे कॉपर ऑक्साइडची भट्टी, साधारण ९५० अंशांवर. तिथे मिथेन जळून कार्बन डायऑक्साइड होतो, मागून इथेन, मग प्रोपेन. जळताना झालेलं पाणी एका पडद्यातून काढून टाकतात आणि उरलेला कार्बन डायऑक्साइड मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये जातो. तिथे ४४, ४५ आणि ४६ वजनाचे आयन वेगवेगळ्या कपांत मोजले जातात. सलग वाहत्या गॅसवर हे मोजता येतं हे मॅथ्यूज आणि हेज या दोघांनी १९७८ मध्ये दाखवलं, त्याआधी प्रत्येक घटक हाताने वेगळा करावा लागायचा.

स्क्रीनवर मिथेनचं शिखर चढलं तेव्हा तिथल्या तंत्रज्ञ मुलीने बोट ठेवून दाखवलं: ४५ ची रेघ ४४ च्या रेघेपेक्षा किंचित आधी वर चढते. १३ कार्बनवाला रेणू नळीतून केसभर लवकर बाहेर येतो. म्हणजे शिखराची एक कड जरा आत कापली, तर उत्तर सरळ हलतं. "म्हणून मी प्रत्येक शिखराच्या दोन्ही कडा स्वतः बघते, सॉफ्टवेअरने लावलेल्या तशाच सोडत नाही," ती म्हणाली. तिने मिथेनच्या एका शिखराची उजवी कड थोडी पुढे सरकवून दाखवली आणि आकडा डोळ्यांदेखत बदलला. प्रत्येक नमुना तीनदा टोचतात, मध्ये मध्ये ज्ञात मानकाचा गॅस चालवतात आणि त्या मानकाचे आकडेही रिपोर्टात देतात. हे शेवटचं सगळ्या लॅबा करत नाहीत. मागूनही देत नाहीत.

आता रिपोर्ट. वरच्या थराचा मिथेन उणे ६१.२, मधल्याचा उणे ४४.१, खालच्याचा उणे ४२.३. इथेनमध्ये मधला उणे २९.६ आणि खालचा उणे २६.४, वरच्यात इथेन जवळपास नाहीच. मिश्रणाचा मिथेन उणे ५०.० आणि इथेन उणे २८.५. यावरून वाटणी: वरचा ३४ टक्के, मधला ४१, खालचा २५.

पण त्याच ओळीत पुढे लिहिलेलं होतं: वरच्यावर अधिक-उणे २, मधल्या आणि खालच्यावर अधिक-उणे ८.

हे ८ वाचून आमच्या भागीदाराच्या प्रतिनिधीचा चेहरा पडला. मीटिंगमध्ये ते म्हणाले, एवढे पैसे घेऊन एवढी ढिलाई? मॅडमनी फळ्यावर मांडून दाखवलं. वरच्या थराचा मिथेन बाकी दोघांपासून सतरा ते एकोणीस पर मिल दूर आहे, मोजमापातली चूक पाव पर मिलच्या आसपास, म्हणून तो वाटा घट्ट पकडता येतो. मधला आणि खालचा मात्र एकाच प्रकारच्या स्रोतातून आलेले. मिथेनमध्ये दोघांत दोनही पर मिलचं अंतर नाही, इथेनमध्ये जेमतेम तीन. त्या तीनवर पाव-अर्ध्या पर मिलच्या चुका बसल्या की उत्तर एवढं सैल होणारच. "हा ८ मी ३ करून लिहू शकते," त्या म्हणाल्या, "पण तो मी लिहिलेला ३ असेल, गॅसमधला नसेल." मग त्यांनीच प्रोपेनचं मोजमाप आणि मिथेनमधल्या हायड्रोजनचं मोजमाप जोडायचं सुचवलं. ते केल्यावर ८ चा ५ झाला. पुढच्या वाटणीपत्रकात आम्ही तोच ५ लिहितो आणि भागीदारही आता तो मान्य करतात.

आणखी एक गोष्ट मला त्यांच्या रिपोर्टात पहिल्यांदा नीट मांडलेली दिसली. नुसत्या मिथेनच्या आकड्यांवरून सरळ त्रैराशिक केलं तर वरच्या थराचा वाटा ३७ टक्के येतो, ३४ नाही. कारण आयसोटोप सांगतो तो मिथेनमधला वाटा. वरचा गॅस जवळजवळ निव्वळ मिथेन, साडेअठ्ठ्याण्णव टक्के, आणि खालच्या दोघांत मिथेन ८६ ते ८८. मीटरवर मोजला जातो तो सगळा गॅस, नुसता मिथेन नाही. म्हणून प्रत्येक थराच्या आकड्याला त्याच्या मिथेनच्या टक्क्यांचं वजन द्यावं लागतं. आधीच्या लॅबने ते दिलं नव्हतं. तीन टक्के ऐकायला थोडे वाटतात. वर्षभराच्या गॅसवर ते तीन टक्के लावून बघा.

या सेवेचा खरा उपयोग आम्हाला पुढे झाला. एका पावसाळ्यानंतर विहिरीचं एकूण उत्पादन पाव हिस्सा उतरलं. जुन्या केएचच्या हिशोबात हा उतार तिन्ही थरांवर सारखा वाटला गेला असता आणि साठा एकूणच संपत आलाय असं आम्ही लिहिलं असतं. त्या महिन्याच्या नमुन्यात मिथेन उणे ५०.० वरून उणे ५२.० वर गेला होता. वरच्या थराचा वाटा ३४ वरून ४५ टक्के. उत्पादन पाऊण झालेलं असताना ४५ टक्के म्हणजे वरचा थर होता तेवढाच देत होता. सगळी घट खालच्या दोघांत. दोघांचा मिळून वाटा ६६ वरून ५५ वर आला होता आणि त्यावर चूक फक्त दोन टक्क्यांची.

त्या दोघांपैकी नेमका कोण आजारी, यावर लॅबचा रिपोर्ट पुन्हा तसाच सरळ: "खालचा असण्याची शक्यता जास्त, ठामपणे सांगता येत नाही." म्हणून आम्ही तेव्हा पीएलटी लावली. खालच्या पर्फोरेशनवर पाण्याचा स्तंभ उभा होता, थर दाबला गेला होता. फोम सोडून पाणी उपसलं, विहीर हळूहळू सुधारली आणि पुढच्या नमुन्यांत मिथेन परत जड व्हायला लागला. खालचा थर जिवंत आहे. महिन्याचा नमुना नसता तर पीएलटी कधी लावायची हे आम्हाला कळलं नसतं. कदाचित सिमेंटचं टेंडरच निघालं असतं. हे लिहितानाही मला त्या थराबद्दल बरं वाटतंय.

आता तक्रारी.

वेळ. रिपोर्ट दोन आठवड्यांत देतो म्हणतात, पण हेलियम लांबला की सगळंच लांबतं. हेलियम बाहेरच्या देशांतून येतो हे मान्य, पण ज्या धंद्याचा श्वास हेलियमवर चालतो त्याने एक सिलिंडर जादा ठेवायला हवा. आमची वाटणी महिन्याच्या ठरलेल्या तारखेला जाते, ती तारीख थांबत नाही. हायड्रोजनचं मोजमाप ते स्वतः करत नाहीत, दुसरीकडे पाठवतात, आणि ते कधी येईल याचा भरवसा नाही. कोटेशनमध्ये ही गोष्ट लिहिलेली नसते, विचारल्यावर सांगतात. ती आधीच लिहायला हवी.

रिपोर्ट स्कॅन केलेल्या पानांचा पीडीएफ असतो. आकडे परत हाताने टाइप करावे लागतात आणि आयसोटोपच्या कामात एक उणे चिन्ह गळालं तर काय होतं हे सांगायला नको. एक्सेल मागितली तर देतात, पण दर वेळी मागावी का लागावी? नमुने ते तीन महिनेच ठेवतात. वाद उभा राहतो तो बहुतेक त्यानंतर. आम्ही प्रत्येक थराचा एक शुद्ध नमुना स्वतःकडे जपून ठेवायला लागलो, तुम्हीही ठेवा. आणि दुपारी एक ते अडीच फोन कोणी उचलत नाही, तेव्हा करूच नका.

कोणी ही सेवा घेऊ नये तेही सांगते. तुमचे सगळे थर एकाच स्रोतखडकाने, एकाच काळात भरलेले असतील तर त्यांच्या गॅसमध्ये फरकच नसेल. एक पर मिलचं अंतर आणि पाव पर मिलची चूक, म्हणजे वाटणीत तीसेक टक्क्यांची सैलाई. त्यासाठी दरमहा पैसे घालवू नका. मॅडम हे स्वतः सांगतात आणि म्हणून आधी फक्त शुद्ध नमुने मोजून देतात, त्याचे वेगळे थोडे पैसे घेतात. थर वेगळे निघाले तरच पुढचा करार. हा टप्पा चुकवू नका, कोणीही कितीही घाई केली तरी. ज्यांच्या विहिरीत उथळ जैविक गॅस आणि खोल गॅस एकत्र येतो त्यांना मात्र फार फायदा आहे. आणखी एक काम त्यांच्याकडून छान होतं: केसिंगच्या ॲन्युलसमध्ये, म्हणजे विहिरीच्या नळ्यांमधल्या पोकळीत, चढणारा दाब कुठल्या थराचा हे ओळखणं. आमच्या दुसऱ्या एका विहिरीत ॲन्युलसचा गॅस उणे साठच्या आसपास निघाला, म्हणजे तो उथळ थरातून येत होता, उत्पादनाच्या ट्यूबिंगमधून गळत नव्हता. वर्कओव्हरचा, म्हणजे विहिरीच्या दुरुस्तीचा, सगळा बेत त्यावरून बदलला.

पहिल्यांदा जाणार असाल तर सिलिंडर सोमवारी किंवा मंगळवारी पोचतील असं बघा, म्हणजे ते त्याच आठवड्याच्या रनमध्ये लागतात. बरोबर विहिरीचं कम्प्लीशन डायग्राम (आतल्या नळ्या आणि पर्फोरेशनचा नकाशा) आणि स्लीव्हची सद्यस्थिती न्या, मॅडम तेच आधी मागतात. कोटेशन घेताना तीन गोष्टी लेखी करून घ्या: मानकाच्या रनचे आकडे, एक्सेल आणि नमुना किमान एक वर्ष ठेवण्याची हमी. तिसऱ्या गोष्टीसाठी त्या कुरकुर करतात. आमच्या नव्या करारात मी ती लिहून घेतली आहे.